एकच गेम, देशागणिक वेगळी किंमत: हे न्याय्य आहे का?

तळटीप

डिजिटल गेमच्या किमती देशागणिक वेगळ्या असतात हे या मंचावरच्या बहुतेकांना ठाऊक असेल. तोच गेम, तीच फाइल, तशाच सर्व्हरवरून उतरवायची. तरी एका देशात तो निम्म्या किमतीत मिळतो आणि दुसऱ्या देशात अमेरिकेपेक्षाही महाग पडतो. डिस्कच्या काळात वाहतूक, जकात, दुकानदाराचं कमिशन अशी कारणं तरी सांगता यायची. आता तीही उरली नाहीत.

आमच्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये यावरून चांगलीच जुंपली. आम्ही निरनिराळ्या देशांत राहतो. एकच गेम सगळ्यांनी मिळून घ्यायचं ठरलं, किमती समोर ठेवल्या, तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत दुपटीहून जास्त फरक. ज्याला सर्वांत जास्त पडणार होते तो म्हणाला, "म्हणजे तुमचे पैसे मी भरतोय." त्यावर कुणालाच धड उत्तर देता आलं नाही.

माझं सध्याचं मत असं की वस्तू तीच असेल तर किंमतही तीच हवी. पण एकच डॉलरची किंमत सगळीकडे लावली तर अर्ध्या जगाला गेम विकत घेताच येणार नाहीत, हेही दिसतं. मग न्याय्य काय? आणि कुणाच्या बाजूने बघायचं, घेणाऱ्याच्या की बनवणाऱ्याच्या? जाणकारांनी लिहावं.

वाटसरू

सेल लागेपर्यंत थांबा. तिथे सगळ्यांनाच न्याय मिळतो :)

मैत्रेयी_क

"तुमचे पैसे मी भरतोय" हे खरं नाही. गेम बनवायचा खर्च पहिली प्रत विकायच्या आधीच होऊन गेलेला असतो. पुढच्या प्रत्येक प्रतीला लागतं ते दुकानाचं कमिशन, पैसे घेण्याचं शुल्क आणि थोडी बँडविड्थ. समजा एखाद्या देशातल्या माणसाने साठऐवजी वीस डॉलरला गेम घेतला. साठ सांगितले असते तर त्याने तो घेतलाच नसता. म्हणजे कमिशन वजा जाता त्याच्याकडून जे आलं ते बनवणाऱ्याला वरचं मिळालं. महाग देशातला गिऱ्हाईक त्याला पोसत नाही, उलट गेमचा खर्च वसूल व्हायला तोही हातभार लावतो.

अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले, त्यांतला तिसरा हा: गिऱ्हाइकांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेगळा भाव लावायचा. विद्यार्थ्यांना मिळणारी तिकिटातली सवलत याच प्रकारातली. मात्र त्याला एक अट लागते. स्वस्त गटात घेतलेला माल महाग गटात विकता येता कामा नये. गेमच्या बाबतीतली बहुतेक भांडणं या अटीपाशी सुरू होतात.

धूमकेतू९

मैत्रेयी, हिशेब पटला, पण तो विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. किंमत लोकांच्या ऐपतीवर ठरते म्हणता, तर पगार अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी आणि गेम महाग असे देश का आहेत? पोलंड घ्या. झ्लॉटी या तिथल्या चलनातली किंमत डॉलरच्या किमतीपेक्षा जास्त पडते अशी तिथले खेळाडू वर्षानुवर्षं ओरड करताहेत. तिथे ऐपत कुठे मोजली?

पिक्सेलवाला

मी एकट्याने छोटे गेम बनवून स्टीम या ऑनलाइन दुकानात विकतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

स्टीमवर किंमत ते चालवणारी व्हाल्व्ह कंपनी ठरवत नाही. आपण डॉलरची किंमत टाकली की बाकीच्या चलनांचे रकाने शिफारशीच्या आकड्यांनी भरता येतात. ते ठेवायचे की बदलायचे हे आपल्या हातात. शिफारस करताना नुसता विनिमय दर न बघता क्रयशक्ती आणि ग्राहक किंमत निर्देशांकही धरतो, असं व्हाल्व्हने सांगितलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी हा तक्ता नव्याने काढला, तेव्हा अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांच्या शिफारशी कित्येक पटींनी वर गेल्या.

धूमकेतू, पोलंडचं उत्तर बरंचसं तिथेच आहे. त्या सुमारास डॉलर पाच झ्लॉटींच्या घरात होता. पुढे झ्लॉटी सावरला, पण एकदा रकान्यात भरलेला आकडा आपोआप खाली येत नाही, कुणीतरी बसून तो बदलावा लागतो. शिवाय तिथल्या किमतीत २३ टक्के व्हॅट धरलेला असतो. अमेरिकेत दिसते ती किंमत करापूर्वीची असते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवताना एवढी वजाबाकी करायला हवी. ती केल्यावरही तक्रार पुरती खोटी ठरत नाही.

माझ्या ओळखीचे कितीतरी डेव्हलपर ते रकाने पुन्हा उघडतच नाहीत. गेम निघाल्यावर बग, अपडेट, रिव्ह्यू यांतच माणूस बुडालेला असतो.

धूमकेतू९

म्हणजे एका अख्ख्या देशाला वर्षानुवर्षं जास्त पैसे मोजावे लागतात, कारण कुणाला रकाना उघडायला वेळ नाही. माहितीबद्दल आभार, पण ऐकून राग वाढलाच.

उत्तरध्रुव

महाग देशांच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. ऑस्ट्रेलियात हा प्रश्न थेट संसदेत गेला होता. डाउनलोड करायच्या सॉफ्टवेअर आणि गेमना अमेरिकेपेक्षा एवढे जास्त पैसे का, हे विचारायला संसदीय समिती बसली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या कंपन्यांना २०१३ मध्ये तिच्यासमोर उत्तरं द्यावी लागली. त्याच वर्षी अहवाल आला. त्यात एक शिफारस अशी होती की केवळ बाजाराचे भौगोलिक तुकडे पाडण्यासाठी घातलेली तांत्रिक कुलपं ओलांडण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्यात स्पष्ट करावा.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गरीब देशात कमी किंमत ठेवण्याला माझा विरोध नाही. पण "हे लोक देतात, म्हणून यांच्याकडून जास्त घ्या" हाही त्याच पद्धतीचा भाग आहे, आणि त्याचं समर्थन करताना क्रयशक्तीचं नाव पुढे करतात.

जुनाखेळाडू

थोडं अवांतर. देशांचे तुकडे पाडणं डिजिटल दुकानांनी सुरू केलेलं नाही. डीव्हीडीला सहा भूभागांचे कोड होते. निन्टेन्डो कंपनीच्या ३डीएस या हातात धरायच्या कन्सोलवर दुसऱ्या भूभागाचं कार्ट्रिज चालायचं नाही. २०१७ मध्ये त्यांचाच स्विच हा कन्सोल आला तो मात्र कुलपाशिवाय, तेव्हा वाटलं की सुटलो एकदाचे.

आणि २०२५ मध्ये स्विच २ आला तो जपानमध्ये दोन प्रकारांत. फक्त जपानी भाषेत चालणारा ४९,९८० येनला, सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. येन पडलेला होता, घरच्या गिऱ्हाइकाला सांभाळायचं होतं आणि बाहेरच्यांनी तो स्वस्तात उचलून न्यायला नको होता. त्याच वर्षी मार्चपासून निन्टेन्डोच्या जपानी ऑनलाइन दुकानात, म्हणजे ई-शॉपवर, परदेशी कार्डंही बंद केली. पूर्वी कुलूप कार्ट्रिजमध्ये असायचं, आता भाषेत आणि कार्डात आहे.

रेवती_ल

हे कुलूप माझ्या घरात शिरलं ते असं. मी आणि माझा धाकटा भाऊ लहानपणापासून एकत्र खेळत आलो. कामासाठी मी देश बदलला. त्याच्या वाढदिवसाला एक गेम पाठवायचा होता, पण दोन देशांच्या किमतींत फरक जास्त आहे म्हणून दुकानाने भेट अडवली. मी महाग देशात होते, पैसे जास्त भरायला तयार होते, तरी नाही. शेवटी त्याला पैसेच पाठवले. त्याने गेम घेतला, पण भेट उघडायची गंमत गेली.

लोक एका देशात जन्मून तिथेच राहतात असं धरून हे नियम बांधले आहेत. आपल्यासारख्या विखुरलेल्या कुटुंबांचा विचारच नाही त्यात.

सागर_द

मी इथे स्पष्टच लिहितो. मी व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून स्वस्त देशातून गेम घेतलेले आहेत. कंपन्या जिथे कर कमी तिथे कार्यालय थाटतात, जिथे मजुरी कमी तिथे काम करून घेतात. आपण स्वस्त बाजारातून घेतलं की तो मात्र गैरवापर! असं का?

सायली_न

सागर, कंपन्यांबद्दलचा तुमचा राग मला कळतो. पण याचा फटका कंपनीला कमी आणि तिथल्या माणसांना जास्त बसतो. २०२० मध्ये होरायझन झीरो डॉन हा गेम पीसीवर यायच्या आधीच अर्जेंटिना, तुर्कस्तान आणि आणखी काही देशांत त्याची किंमत एकाएकी वाढवली गेली. बाहेरच्या लोकांनी तिथून आगाऊ नोंदणीचा सपाटा लावला होता. मग स्टीमवर खात्याचा देश बदलायला त्या देशातलंच पेमेंट लागेल असा नियम आला, आणि २०२१ पासून तीन महिन्यांतून एकदाच देश बदलता येऊ लागला. शेवटी २० नोव्हेंबर २०२३ ला स्टीमने अर्जेंटिनाचा पेसो आणि तुर्कस्तानचा लिरा बंदच केले आणि दोन्ही देश डॉलरवर नेले.

माझ्यासोबत खेळणारा एक मित्र तुर्कस्तानातला आहे. बदलाच्या आदल्या आठवड्यात तो विशलिस्ट उघडून बसायचा आणि यातलं काय आत्ता घेऊ, काय कायमचं सोडू, असं आम्हाला विचारायचा. मी तरी ते विसरू शकत नाही. त्याच्या देशातली स्वस्ताई त्याच्यासाठी होती.

सागर_द

तुमच्या मित्राबद्दल खरंच वाईट वाटलं. पण सगळं खापर व्हीपीएनवर फोडू नका. व्हाल्व्हने स्वतः दिलेलं कारण होतं विनिमय दरातली अस्थिरता, त्यामुळे डेव्हलपरना किंमत ठरवणं अवघड जातं, आणि जोडीला कर, शुल्कं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानातली महागाई ८५ टक्क्यांवर होती. अर्जेंटिनात २०२३ ची महागाई २११ टक्के. माझ्यासारखा एकही माणूस नसता, तरी ते पेसोचे रकाने टिकले नसते.

पिक्सेलवाला

सागर यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. पेसोत आज भरलेला आकडा सहा महिन्यांनी तेवढ्या मोलाचा उरत नसे. पण बाहेरून येणारी गर्दी नसती तर त्या घसरणीकडे आम्ही दुर्लक्ष केलं असतं, कारण तिथून पूर्वीही फार पैसे येत नव्हते. बाहेरचे लोक तिथून घेऊ लागले की महाग देशांतली विक्री तिकडे वळते. ते झेपत नाही.

आणि डॉलरवर गेल्यावरही सगळं संपलं नाही हे लोकांना माहीत नसतं. लॅटिन अमेरिकेतले काही देश आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिकेतले काही देश यांच्यासाठी डॉलरचेच दोन वेगळे, कमी किमतीचे रकाने केलेले आहेत. डेव्हलपरने ते नीट भरले तर किंमत कमी ठेवता येते. अडचण अशी की तो रकाना देशांच्या अख्ख्या गटाला एकच. सगळ्या तुर्कस्तानला आणि शेजारच्या कितीतरी वेगळ्या ऐपतीच्या देशांना मिळून एक आकडा.

कलम_चौदा

मैत्रेयीताईंनी वर लिहिलेली अट, माल परत विकता येता कामा नये, तिची कायद्यातली बाजू मांडतो.

छापील पुस्तकांत ही अट मोडीत निघाली. थायलंडहून अमेरिकेत शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकली. प्रकाशक कोर्टात गेला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला (कीर्तसेंग विरुद्ध जॉन वायली): कायदेशीरपणे छापलेली प्रत परदेशात विकत घेतली असली तरी ती पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याचा.

डिजिटल गेममध्ये तो हक्क मिळतच नाही, कारण आपण घेतो तो परवाना. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीमवरचे गेम पुन्हा विकता यावेत म्हणून खटला भरला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

युरोपियन महासंघात मात्र एक पाऊल पुढे पडलं. जानेवारी २०२१ मध्ये युरोपियन कमिशनने व्हाल्व्ह आणि पाच पब्लिशर मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. पूर्व युरोपातल्या काही देशांत विकलेल्या गेमच्या 'की' (गेम चालू करायचे कोड) बाकीच्या सदस्य देशांत चालू नयेत अशी तजवीज केल्याबद्दल. २०२३ मध्ये व्हाल्व्हचं अपीलही फेटाळलं गेलं. इथे नीट लक्ष द्या: वेगवेगळी किंमत ठेवल्याबद्दल दंड झालेला नाही. एका बाजारात विकलेला माल दुसरीकडे नेण्यापासून अडवण्याचं संगनमत केलं, म्हणून झाला. न्यायाची सीमारेषा मला इथेच दिसते. किंमत हवी ती ठेवा, पण माझा गेम माझ्यासोबत येऊ द्या.

मैत्रेयी_क

कलम_चौदा, माहिती उत्तम, पण शेवटच्या वाक्यावर अडले. "गेम माझ्यासोबत येऊ द्या" म्हणजे राहण्याची जागा बदललेल्या माणसाला घेतलेला गेम तिथे चालायला हवा, इतकंच असेल तर शंभर टक्के सहमत. पण कुणीही कुठूनही घेऊन कुठेही चालवावा असं असेल, तर विकणारे सगळीकडे वरचीच किंमत लावतील. ज्यांच्यासाठी आपण भांडतोय तेच बाहेर पडतील. रेवतीच्या भेटीचा प्रश्न मात्र सहज सुटणारा आहे. महाग देशातून स्वस्त देशात भेट पाठवली तर कुणाचंच नुकसान नाही.

रेवती_ल

अगदी हेच! एकाच दिशेने उघडणारं दार ठेवा की.

जुनाखेळाडू

तळटीप यांना हवी तशी सरसकट एक किंमत करून पाहिलेली आहे. जीओजी हे दुकान २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा सगळ्या जगाला एकच किंमत हे त्यांचं ब्रीद होतं. २०१४ मध्ये नवे मोठे गेम मिळवायचे तर पब्लिशर देशागणिक किमतींशिवाय तयार होईनात. लोक चिडले. मग दुकानाने तोड काढली: तुमच्या देशात गेम महाग पडला तर फरकाची रक्कम दुकान स्वतःच्या वाट्यातून जमा करून देणार. मला ती फार सभ्य वाटायची. ३१ मार्च २०१९ ला ती बंद झाली. डेव्हलपरना जास्त वाटा द्यायचा आणि फरकही स्वतः सोसायचा, हे दुकानाला झेपेना.

वाटसरू

आता जरा गंभीरपणे लिहितो. पायरसीचा मुद्दा कुणीच काढला नाही. रशियात सगळे चोरून खेळतात, तिथे जाऊन उपयोग नाही, असं व्हाल्व्हला सांगितलं जायचं. व्हाल्व्हचे सहसंस्थापक गेब न्यूवेल यांनी २०११ मध्ये हेच उदाहरण देऊन म्हटलं की चोरी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो. त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेवर गेम दिला आणि रशिया मोठा बाजार झाला. मला वाटतं, परवडेल अशी किंमत हाही सेवेचाच भाग आहे.

आणि उलटंही होतं. हेलडायव्हर्स २ या गेमला मे २०२४ मध्ये पीएसएन (सोनीच्या प्लेस्टेशनची ऑनलाइन सेवा) खातं सक्तीचं करायचं ठरलं. ज्या देशांत पीएसएनच नाही अशा १७०हून जास्त देशांत गेमची विक्री थांबली. लोकांनी एवढा आवाज उठवला की सक्ती मागे घ्यावी लागली. खेळाडू एकत्र आले तर कंपन्या ऐकतात, हे त्यातून मी शिकलो.

सायली_न

एक बाजू राहिलीच. देश हे माप फार ढोबळ आहे. स्वस्त देशातला श्रीमंत माणूस कमी किमतीत घेतो आणि महाग देशात दोन नोकऱ्या करून शिकणारी मुलगी पूर्ण किंमत भरते. तळटीप, तुमच्या ग्रुपमधला तो मित्र कदाचित असाच कुणी असेल. त्याला "तू पोसत नाहीस" हा हिशेब समजावला तरी त्याच्या खिशातून गेले ते गेलेच.

मैत्रेयी_क

सायली, मान्य. म्हणूनच वाटसरूंचा पहिला प्रतिसाद मला दिसतो त्यापेक्षा मोठा वाटतो. घाई आहे, पैसा आहे, तो पहिल्या दिवशी घेतो. ज्याला थांबता येतं त्याला वर्षभराने तोच गेम निम्म्यात मिळतो. तिथे देश कुणी विचारत नाही. पण मित्र आज खेळताहेत आणि आपण वर्षभर थांबायचं, ही किंमतच आहे, विशेषतः एकत्र खेळायच्या गेममध्ये.

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी सविस्तर चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

"वस्तू तीच तर किंमत तीच" इथून मी पुढे सरकलो आहे. वेगळ्या किमतीला आता माझा विरोध नाही. पण पोलंड, अर्जेंटिना, तुर्कस्तान ही तिन्ही उदाहरणं वाचल्यावर खटकतं ते वेगळंच. किंमत वेगळी ठेवण्याचं कारण ऐपत, असं सांगायचं, आणि ऐपत बदलल्यावर मात्र आकडा तसाच सोडून द्यायचा किंवा देशच्या देश डॉलरवर ढकलायचा. ऐपतीचं नाव घेतलं की ती नियमाने तपासत राहण्याची जबाबदारीही घ्यावी. घेणाऱ्याला आपल्या देशाची किंमत कशी ठरली हे कळायलाही हवं. आज ते फक्त पिक्सेलवाल्यांसारख्यांना दिसतं.

पिक्सेलवाला, तुम्हाला थेट विचारतो: हे छोट्या डेव्हलपरला जमण्यासारखं आहे का?

पिक्सेलवाला

जमण्यासारखं आहे. वर्षातून दोनदा तक्ता उघडायचा, प्रत्येक मोठ्या चलनात आपल्याएवढ्या आकाराचे गेम कितीला आहेत ते बघायचं आणि डॉलरशी ताडायचं. एका संध्याकाळचं काम. किंमत कशी ठरवली ते गेमच्या बातम्यांच्या पानावर चार ओळींत लिहिता येईल, त्यालाही कुणाची आडकाठी नाही.

माझा पुढचा गेम लवकरच येतोय. त्याचा तक्ता आधी इथे टाकतो. झ्लॉटी, तुर्कस्तान ज्यात येतो तो गट, लॅटिन अमेरिका यांचे आकडे मला विशेष तपासून हवेत. सायली, तुमच्या मित्राला विचाराल का?

सायली_न

आजच विचारते. तो मोठ्या आनंदाने सांगेल.

धूमकेतू९

टाका तक्ता, पोलंडचं मी बघतो. आणि जुन्या गेमच्या किमतीही लगे हाथ सुधारणार असाल तर एक ध्यानात ठेवा. स्टीमवर कुठल्याही एका चलनात किंमत वाढवली की पुढचे ३० दिवस सवलत लावता येत नाही. उतरवायच्या त्या आत्ता उतरवा, वाढवायच्या त्या सेल उरकल्यावर.